नवं धोरण आमच्या दोनशिक्षकी शाळेत : काय धरू, काय सोडू?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. मी नागपूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, पट ३१, शिक्षक दोन. सर मुख्याध्यापकाचा चार्ज सांभाळून तिसरी-चौथी घेतात, पहिली-दुसरी माझ्याकडे. सर पंचायत समितीत बैठकीला गेले की चारही वर्ग माझ्यासमोर एकाच व्हरांड्यात.

१६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाप्रमाणे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० यंदा, म्हणजे २०२५-२६ ला, पहिलीपासून सुरू झालं. त्यातल्या वेळापत्रकानुसार पुढच्या वर्षी दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी. म्हणजे येत्या जूनमध्ये आमची अख्खी शाळा नव्या अभ्यासक्रमात. मी धोरण मुळातून वाचलं आणि वाचून बरं वाटलं. तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा, खेळातून शिकणं, घरच्या भाषेला मान, तिसरीपर्यंत प्रत्येक लेकराला समजून वाचता यावं, साधं गणित यावं. यातलं काहीही मला परकं वाटलं नाही.

पण माझा दिवस कसा जातो ते सांगते. साडेदहाला शाळा. परिपाठ, मग हजेरी ऑनलाइन, पोषण आहाराची नोंद वेगळी, तेवढ्यात आमच्या केंद्राच्या (शाळासमूहाच्या) ग्रुपवर 'तात्काळ' लिहून आलेली माहिती. आमच्या गावात नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीजवळ येतं. पाटी हातात घेईपर्यंत पावणेबारा झालेले असतात. आणि धोरण म्हणतं, प्रत्येक मुलाचं निरीक्षण करा.

दिवाळीनंतर दुसरं सत्र सुरू होईल. सगळं होणार नाही, हे मला कळून चुकलंय. मग नेमकं काय धरू आणि काय सोडू? तुमच्याकडे काय जमलं, काय नाही, ते मोकळेपणानं सांगा.

कन्हानकाठ

ताई, तुम्ही माझाच दिवस लिहिला. फक्त आमच्याकडे पाण्याच्या टाकीऐवजी मारोतीचा पार आहे.

झिरोमाईल

मी शिक्षक नाही, पालक आहे. राग मानू नका, पण दर वेळी 'वेळ नाही' हेच का ऐकायला मिळतं? धोरण येऊन पाच वर्षं झाली. २९ जुलै २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केलं. माझी मुलगी शहरात खासगी शाळेत आहे, तिथे तिसरीच्या मुलांना अजूनही उत्तरं पाठ करायला लावतात. तिथे ना पोषण आहार, ना दोन शिक्षकांची अडचण. मग तिथे का बदललं नाही? मला वाटतं, बऱ्याच ठिकाणी बदलायची इच्छाच नाही.

पळसफूल

@झिरोमाईल, तुमचा प्रश्न रास्त आहे. खासगी शाळेचं उत्तर मी देते, कारण मी तिथेच शिकवते. आम्ही पहिलीत एक महिना वह्या बंद ठेवल्या होत्या. गोष्टी, ठोकळे, माती, गाणी. तिसऱ्या आठवड्यात अठरा पालक गेटवर. "मॅडम, वहीत काहीच नाही, फी कशाची भरून राहिलो आम्ही?" संस्थाचालकांनी दुसऱ्या दिवशी वह्या सुरू करायला लावल्या. आमची इच्छा होती, पण ती पालकसभेत टिकली नाही.

झिरोमाईल

हे मात्र खरं आहे. त्या अठरांत कदाचित मीही असतो. आमच्या घरी संध्याकाळी पहिला प्रश्न "आज काय लिहून दिलं?" हाच असतो.

निवृत्त_खडू

पाटीपेन्सिल मॅडम, मी १९७५ साली दहावीच्या पहिल्या बॅचला बसलो. आधी अकरावी मॅट्रिक होती, मग दहा अधिक दोन अधिक तीन आलं. तेव्हाही गावात हाच गोंधळ : वर्ग तोच, मास्तर तेच, नाव नवं. पुढे मी शिक्षक झालो आणि १९८६ च्या धोरणातली खडू-फळा मोहीम आमच्या शाळेत आली. किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि साहित्याची पेटी. पेटी सुंदर होती. भिंग, लोहचुंबक, तराजू, नकाशे, खेळणी. आमच्या मुख्याध्यापकांनी ती डेडस्टॉक (टिकाऊ वस्तूंच्या) रजिस्टरला चढवली आणि कपाटात कुलूपबंद केली. फुटलं-हरवलं तर वसुली निघेल, ही भीती. ते वाईट नव्हते. त्याआधी एका तराजूवरून त्यांना खुलासा द्यावा लागला होता.

मी चार वर्षं त्या कपाटासमोर 'लोहचुंबकाचे गुणधर्म' फळ्यावर शिकवले. याचं मला आजही वाईट वाटतं. नंतर नव्या मुख्याध्यापक बाई आल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी कुलूप काढलं आणि रजिस्टरात लिहिलं, "वापरात फुटण्याची शक्यता गृहीत धरली आहे." खाली स्वतःची सही. त्या एका ओळीनं आमची शाळा बदलली.

तेव्हा काय धरू, याचं माझं पहिलं उत्तर : जे साहित्य आलं असेल ते मुलांच्या हातात द्या. आकडेमोड, अहवाल नंतर.

तर्रीपोहे

निवृत्त_खडू सर, त्या बाईंना माझा साष्टांग नमस्कार! ती ओळ प्रत्येक शाळेच्या रजिस्टरात छापून मिळायला हवी.

सेवाग्रामकर

थोडं अवांतर, पण जवळचंच. 'हातानं काम करत शिकणं' हे आपल्याकडून पंच्याहत्तर किलोमीटरवर जन्मलेलं आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, त्यातून गांधीजींची नई तालीम उभी राहिली. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस आज धोरणात आहेत, त्याचं मूळ तिथे दिसतं.

नई तालीम देशभर का टिकली नाही, हा माझ्या अभ्यासाचा विषय. एक कारण मला ठळक दिसतं : बऱ्याच शाळांत तकली (सूत कातायची चाती) आली, पण तकलीतून गणित आणि भूगोल कसा काढायचा हे जाणणारा शिक्षक घडवायला वेळच दिला गेला नाही. मग तकली हा वेळापत्रकातला आणखी एक तास झाला. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही मुलं शेती, स्वयंपाक, सूतकताई करत शिकतात. तिथे जाऊन बघा. शिक्षक मुलांबरोबर वाफ्यात बसलेले दिसतील.

बुटीबोरी_शिफ्ट

दप्तराविना दिवसाबद्दल अनुभव. मी बुटीबोरी एमआयडीसीत एका कारखान्यात काम करतो. जवळच्या शाळेचे सर मुलांना घेऊन येतो म्हणाले. आम्ही तयार. मग गाडीचा खर्च कोण देणार, विमा, पालकांची संमती, आमच्या सुरक्षा विभागाची परवानगी... दोन महिने गेले आणि पावसाळा लागला. शेवटी मीच लेथवर केलेले सुटे भाग पिशवीत घेऊन शाळेत गेलो. व्हर्नियर कॅलिपर पोरांच्या हातात दिला. सातवीतल्या एका पोरीनं आपल्या बांगडीची जाडी मोजली, मग मैत्रिणीच्या केसाची मोजायला निघाली. दीड तास कसा गेला कळलं नाही.

मुलं येऊ शकत नसतील तर माणसं शाळेत आणा. आपल्या नागपुरात काय कमी आहे? गोळीबार चौकाकडे, कोष्टी मोहल्ल्यांत हातमाग जाणणारी जुनी माणसं आहेत. संत्र्याची कलम बांधणारा माणूस काटोल-नरखेडच्या जवळपास प्रत्येक गावात सापडेल. त्याला एक खुर्ची आणि चहा द्या, तो पोरांना दिवसभर पुरेल.

कन्हानकाठ

@बुटीबोरी_शिफ्ट, हे लिहून ठेवलं. आमच्या गावात कलमा बांधणारे दोन काका आहेत. कलमासाठी फांदीवरचा डोळा कसा काढायचा हे ते सांगतात तेव्हा मोठी माणसंही थांबून बघतात.

देवलापार_रोड

भाषेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी रामटेक तालुक्यात वरच्या भागात शिक्षक आहे. धोरण म्हणतं, शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत आणि जमल्यास आठवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा. आमच्याकडे घरची भाषा गोंडी. मी स्वतः भंडाऱ्याकडचा, मला गोंडीचा शब्द येत नव्हता.

पहिल्या वर्षी पहिलीतलं एक लेकरू दाराकडे बघून सारखं "येर, येर" म्हणत होतं. मला वाटलं, बाहेर कुणी मित्र उभा आहे, त्याला "ये रे" म्हणून बोलावून राहिलं. मी त्याला गप्प बस म्हणालो. दुपारी त्याची मोठी बहीण आली, तिनं सांगितलं, गोंडीत येर म्हणजे पाणी. लेकरू सकाळपासून तहानलेलं होतं.

त्या दिवसानंतर मी वहीत गोंडी शब्द लिहायला लागलो. आज साडेतीनशे शब्द झाले आहेत. मुलंच माझे मास्तर. पहिलीचं पुस्तक मराठीतलंच आहे, पण चित्र दाखवलं की आधी मुलं गोंडीत बोलतात, मग आम्ही मराठी शब्द शोधतो. याला कोणती परवानगी लागली नाही, निधी लागला नाही. पण माझी बदली झाली की ही वही कुणाच्या हातात जाईल? घरच्या भाषेत शिकवा हे वाक्य खरं करायचं तर त्या भाषेचा माणूस शाळेत हवा. गावातली डी.एड. झालेली एक मुलगी घरी बसून आहे, तिच्याकडे बघून मला हे रोज आठवतं.

सक्करदरा_आई

देवलापार_रोड सर, वाचून गलबलून आलं.

शहरात वेगळंच. माझा मुलगा मराठी शाळेत पहिलीत आहे, पण खाली खेळायला गेला की हिंदी. "मी खाना खाल्ला" म्हणतो. जूनमध्ये तिसऱ्या भाषेवरून वाद पेटला तेव्हा मला प्रामाणिकपणे कळत नव्हतं काय बरोबर. आमची पोरं हिंदी अशीच शिकतात.

पळसफूल

@सक्करदरा_आई, म्हणूनच पहिलीत हिंदीचं पुस्तक नको असं माझं मत होतं. एप्रिलच्या निर्णयात पहिलीपासून हिंदी अनिवार्य होती, १७ जूनला शब्द बदलून 'सर्वसाधारणपणे' आलं, २९ जूनला तिसऱ्या भाषेचे दोन्ही निर्णय मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समितीची घोषणा झाली. हिंदीशी माझं वैर नाही, माझी आई बालाघाटची. पण सहा वर्षांच्या मुलाला एका लिपीत दोन भाषांच्या वेलांट्या एकदम सांभाळायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. ऐकू द्या, बोलू द्या, गाऊ द्या. लिहायला पुढे आयुष्य आहे.

आणि यातलं दुसरं दुखणं : हे सगळं जूनमध्ये ठरत होतं. विदर्भात उन्हामुळे शाळा थोड्या उशिरा उघडतात म्हणून आम्हाला चार दिवस जास्त मिळाले. बाकी महाराष्ट्रात वर्ग सुरू झाले होते.

झिरोमाईल

भाषेच्या वादावर वेगळा धागा काढूया का? पाटीपेन्सिल ताईंचा प्रश्न बाजूला राहतोय.

अंगणातली_ताई

मी अंगणवाडी सेविका. तुम्ही सगळे पहिलीपासून बोलून राहिले, पण पायाभूत टप्पा तर माझ्या खोलीत सुरू होतो. तीन वर्षं आमच्याकडे, दोन तुमच्याकडे.

माझ्याकडे एक खोली. तिथेच आहार शिजतो, वजनकाटा, लसीकरणाच्या दिवशी सिस्टरताई, गरोदर बायांची नोंद, पोषण ट्रॅकर मोबाइलवर. त्यात मी लेकरांना गाणी शिकवते, मणी ओवून घेते, चिंचोके मोजून घेते. आमचा विभाग महिला व बालविकास, तुमचा शालेय शिक्षण. दोघींच्या इमारती एकाच आवारात, मधे फक्त एक कडुलिंब. सात वर्षांत पहिलीच्या एकाही शिक्षकानं मला विचारलं नाही, की हे लेकरू तुमच्याकडे काय काय शिकलं? जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून. मला मानधन कमी आहे ते आहेच, पण हे न विचारणं जास्त लागतं.

पाटीपेन्सिल

@अंगणातली_ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी खूप वेळ गप्प बसले. आमच्याही आवारात अंगणवाडी आहे आणि मीही कधी विचारलं नाही. हे आता तसं राहणार नाही.

क्रेडिट_काउंटर

कॉलेजचं थोडं सांगतो. मी उमरेडकडे पदवी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. आमच्याकडे २०२४-२५ पासून नवी रचना : मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), कौशल्याचे अभ्यासक्रम, भारतीय ज्ञानप्रणाली, मूल्यशिक्षण. कल्पना अशी की इतिहासाच्या मुलाला वाणिज्यही घेता यावं, एका वर्षानं सोडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. गावाकडच्या मुलींसाठी हे मोलाचं आहे. लग्न होऊन मधेच शिक्षण सुटलेल्या कितीतरी मुली मी पाहिल्या आहेत. त्यांचे श्रेयांक (क्रेडिट) जमा राहतील, पुन्हा येता येईल.

पण विषय निवडायला आधी विषय शिकवणारा हवा. आमच्या कॉलेजात पूर्णवेळ प्राध्यापक पाच. मुलांना मायनर म्हणून जे आहे तेच घ्यावं लागतं. ओजेटीचे (कामाच्या जागी प्रशिक्षणाचे) चार श्रेयांक म्हणजे १२० तास प्रत्यक्ष काम. बी.ए.च्या साठ मुलांना इथे कुठे पाठवू? दोन पतसंस्था, एक ग्रंथालय, बाजार समिती. मी आणि माझे सहकारी सायकलवर, गाडीवर फिरून दारं ठोठावली. वाचनालयाच्या काकांनी चार मुली घेतल्या आणि त्यांनी तिथल्या जुन्या पुस्तकांची अख्खी यादी तयार केली. माझ्या नोकरीतला सर्वात समाधानाचा दिवस. त्या दिवसाचं मानधन मला मिळत नाही, कारण तासिका वर्गातल्याच मोजतात.

निवृत्त_खडू

@क्रेडिट_काउंटर, तुमच्यासारख्यांच्या खांद्यावर सगळं उभं आहे, आणि कोठारी आयोगापासून सांगितलेले सहा टक्के अजून कागदावरच आहेत. १९६८, १९८६ आणि २०२०, तिन्ही धोरणांत राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्चाचा शब्द आहे. मी विद्यार्थी होतो तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत तो आकडा वाचतोय.

कन्हानकाठ

आणि वर टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्यांची पाच वर्षांहून जास्त सेवा उरली आहे त्यांनी दोन वर्षांत पात्रता परीक्षा पास व्हायचं. परीक्षा २३ नोव्हेंबरला. आमचे सर पन्नाशीचे, पंचवीस वर्षं उत्तम शिकवलेलं, सुट्टीत बालमानसशास्त्राचे पर्याय घोकून राहिले. शिक्षकाची परीक्षा असावी की नसावी यावर मी वाद घालत नाही. पण या मनःस्थितीत माणूस जूनमध्ये नवा अभ्यासक्रम कसा हाती घेणार?

तर्रीपोहे

शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं धोरणातच लिहिलंय ना?

देवलापार_रोड

लिहिलंय. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्येही आहे : दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून दुसरं काम देता येत नाही. पण 'माहिती भरणे' हे शैक्षणिक कामच धरलं जातं. तिथे सगळं अडतं. माझी एकच मागणी असेल : एक माहिती वर्षातून एकदाच मागा. विद्यार्थ्याचं नाव, आधार, जन्मतारीख मी यंदा चार वेगवेगळ्या तक्त्यांत भरली.

पळसफूल

धोरणातल्या समग्र प्रगतीपत्रकाची मला सर्वात जास्त भीती आहे. २०१० ला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा मी नवीन होते. कल्पना किती छान, प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंद! दोन वर्षांत बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली. 'स्वच्छतेची आवड आहे', 'गटात सहकार्य करतो'. चाळीस मुलं, तीच बारा वाक्यं आलटून पालटून. मीही लिहिली आहेत. आता स्वतःचं मूल्यमापन, मित्राचं मूल्यमापन, पालकांचं मत, सगळं येतंय. वेळ तोच राहिला तर पुन्हा पुस्तकं येतील.

म्हणून पाटीपेन्सिल, माझं उत्तर : एकतीस मुलांच्या नोंदी एकाच आठवड्यात लिहू नका. रोज दोन मुलं. त्या दिवशी त्या दोघांकडेच बघायचं, संध्याकाळी दोन खऱ्या ओळी. तीन आठवड्यांत शाळा पूर्ण होते.

सक्करदरा_आई

माझ्या मुलाबद्दल अशा दोन खऱ्या ओळी कुणी लिहिल्या तर मी वही मागणार नाही. खरंच.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. सुट्टी संपत आली, सरांशी बोलून आम्ही ठरवलंय ते लिहिते.

परिपाठानंतरचा पहिला दीड तास मोबाइल टाकीजवळ न्यायचा नाही. हजेरी मधल्या सुट्टीत. विचारणा झाली तर उत्तर सर देणार, ते त्यांनी आपणहून कबूल केलं. त्या दीड तासात फक्त वाचन आणि अंक. पहिली-दुसरी वेगळी न बसवता ज्याला जे येतं त्याप्रमाणे गट. साहित्याची पेटी खिडकीत उघडी ठेवणार आणि निवृत्त_खडू सरांची ती ओळ आमच्या रजिस्टरात लिहिणार. दर शनिवारी अंगणवाडीची लेकरं आमच्या वर्गात, आणि तिथल्या ताईंशी पहिली बैठक उद्याच, मी निरोप पाठवलाय. महिन्यातून एक दिवस गावातलं एक माणूस शाळेत, पहिले कलमा बांधणारे काका. आमच्याही गावात निघाले!

सोडतेय ते : भिंतीवरचे नवे तक्ते, कार्यक्रमाचे फोटो, सजावट. याबद्दल कुणी बोललं तर ऐकून घेईन.

आणि पळसफूल, रोज दोन मुलं असंच मी सुट्टीआधीच्या शेवटच्या आठवड्यात करून पाहिलं होतं. मित्राबद्दल सांग म्हटल्यावर पहिलीतला एक जण बराच वेळ विचार करून म्हणाला, "मॅडम, त्यानं मले त्याची अर्धी पेन्सिल देल्ली. मोठा तुकडा मले देल्ला." मी तसंच लिहिलं, त्याच्याच शब्दांत.

अंगणातली_ताई

तो मोठा तुकडा देणारा माझ्याकडे तीन वर्षं होता असेल तर सांगा, त्याच्याबद्दल माझ्याकडे अजून बरंच आहे.